पाण्यात निघालेला माणूस

नवीच्या पाण्यात माणूस निघाला, तेव्हा प्रयोगशाळेतली मंडळी डबे उघडायच्या बेतात होती.

पाणी म्हणजे काही विहीर नव्हे. बोटाच्या पेराएवढ्या नळीतलं, थेंबभर, शुद्ध केलेलं पाणी. नवीला डीएनए तपासनीस व्हायचं होतं आणि त्या परीक्षेत या पाण्याला फार मान. कपाच्या कडेला लागलेली थुंकी, कॉलरचा तुकडा, असे खोटे खोटे पुरावे तिला देत. त्यांतून डीएनए काढायचा, वाढवायचा, यंत्रात घालायचा आणि तो कुणाचा ते पडद्यावर दाखवायचं. शेजारी एका नळीत नुसतं पाणी. पुराव्याचं जे जे करायचं ते ते पाण्याचंही करायचं, आणि शेवटी पाण्यासमोर सरळ सपाट रेघ यायला हवी. रेघेवर टेकडी दिसली, की समजायचं, तुमच्या हातून कुणीतरी आत शिरलंय.

नवीच्या रेघेवर टेकड्यांची रांगच उभी होती.

"पुरुष आहे," दाढी म्हणाला. दाढी हा तिथला जुना तपासनीस. त्याला मास्कखाली दाढीसाठी वेगळी जाळी बांधावी लागे, आणि दोन्ही काढून तो जेवायला बसला की क्षणभर हा कोण पाहुणा असं वाटे.

"असं कसं? मी तर मुलगी आहे."

"म्हणूनच म्हणतोय. तू असतीस तर निदान ओळखीचं तरी कुणी निघालं असतं."

तेवढ्यात मॅडम आल्या. मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. हातमोजा घातलेला हात कुणाच्या चेहऱ्याकडे जाताना दिसला की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडत, "हात!" एकदा त्या ओरडण्यासरशी दारात उभ्या असलेल्या वॉचमनने दोन्ही हात वर केले होते. भिंतीवर त्यांनी पाटी लावली होती: ‘पाण्यात माणूस निघाला, तर परीक्षा पहिल्यापासून. पदाचा विचार केला जाणार नाही.’ स्वतः मॅडम नळीवरचा बारीक नंबर वाचायचा झाला की चष्मा कपाळावर सरकवत आणि नळी डोळ्यांजवळ नेत. ते मात्र त्यांच्या लेखी ‘हात’मध्ये मोडत नसे, आणि मोडतं असं सांगायची कुणाची छाती नव्हती. त्या चष्म्यावर बोटांचे इतके डाग होते, की वरच्या मजल्यावरच्या ठसे विभागाला आठवडाभर काम पुरलं असतं.

"कोण आहे हा?" मॅडमनी पडद्याकडे बघत विचारलं.

"माहीत नाही, मॅडम."

"तुझ्या पाण्यात आहे आणि तुला माहीत नाही?"

तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए संगणकात ठेवलेला असे. कुणी पुराव्यावर शिंकलं, तर तो पुरावा कुणाचा आणि शिंक कुणाची हे कळायला हवं ना. दाढीने हा माणूस त्या सगळ्यांशी ताडून पाहिला. जुळेना. परीक्षेला तीनच संधी असत. तिन्ही हुकल्या, की तळमजल्यावरची खिडकी, म्हणजे बाहेरून आलेली सीलबंद पाकिटं घ्यायची आणि त्यांवर शिक्के मारायचे. आत्ता त्या खिडकीत बसणाऱ्या बाईसुद्धा एके काळी अशाच नव्या होत्या, हे दाढीने तिला पहिल्याच दिवशी, काही गरज नसताना, सांगून ठेवलं होतं. नवीला खिडकी नको होती. शाळेत असल्यापासून तिला हेच काम हवं होतं, आणि आता ते हातातोंडाशी आलं होतं.

दुसऱ्या परीक्षेला नवीने डोळ्यांत तेल घालून तयारी केली. नखं मुळापर्यंत कापली, केस दोनदा धुतले, एकावर एक दोन मास्क, हातमोज्यांवर हातमोजे. श्वाससुद्धा ती परवानगी घेतल्यासारखा घेत होती. चष्मा वाफेने भरून जात होता, नाकावरून घसरत होता, पण ती जागची हलली नाही.

पाण्यात पुन्हा तोच माणूस. आणि या वेळी टेकड्या आधीपेक्षा उंच.

"हा इथे राहतोय की काय?" मॅडम कडाडल्या. मग मात्र त्यांनी सगळी कामं थांबवली आणि शोध सुरू केला. आत पाऊल टाकलेल्या प्रत्येक बाहेरच्या पुरुषाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, असा हुकूम निघाला. एसी दुरुस्त करणाऱ्याने तोंड उघडलं ते मिटेचना. "उघडलंच आहे तर जरा ती मागची दाढ बघता का?" म्हणाला. वॉचमनची पाचावर धारण बसली होती.

"यातनं रात्रीचं काही कळतं का हो?" त्याने नवीला हळूच विचारलं.

"रात्रीचं काय?"

"म्हणजे… माणूस ड्यूटीवर जागा होता की जरा डोळा लागला होता, असं काही?"

"नाही हो, काका."

"मग घ्या की!" म्हणत वॉचमनने पडजिभेपर्यंत तोंड उघडलं.

हातमोजे पुरवणाऱ्या कंपनीला मॅडमनी स्वतः फोन लावला आणि विचारलं, "तुमच्याकडे पुरुष आहेत का?" पलीकडच्या बाईंनी फोन ठेवून दिला. सगळे नमुने तपासून झाले, पण पाण्यातला माणूस कुणाशीच जुळेना. दाढीने हात टेकले आणि निव्वळ चाळा म्हणून त्या माणसाच्या टेकड्या एकेका कर्मचाऱ्याच्या टेकड्यांशेजारी लावून बघायला लागला. बघता बघता तो एकदम गप्प झाला. दाढीचं गप्प होणं हे वाईट लक्षण असे.

"नवी, जरा इकडे ये. बस. पाणी हवंय का?"

"पाण्याचं नाव काढू नका."

"हा माणूस आहे ना, त्याचं प्रत्येक ठिकाणी निम्मं तुझ्याशी जुळतं."

"म्हणजे?"

"म्हणजे एक तर हा तुझा मुलगा आहे…"

"माझं लग्नसुद्धा झालेलं नाही!"

"मग वडील," दाढी म्हणाला. "अभिनंदन म्हणू की काय म्हणू, कळत नाही."

नवी घरी पोहोचली तेव्हा तिचे बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांनी पेपर धरून वाचत होते. निरुपद्रवी माणूस. सारा जन्म त्यांनी चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात आणि लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यापासून भाजी आणायची आणि आईची बोलणी खायची, एवढंच काम उरलं होतं, आणि दोन्ही ते मन लावून करत.

"बाबा, तुम्ही आमच्या लॅबमध्ये सापडलात."

बाबांचा पेपर खाली आला. "मी? माझे ठसे वगैरे मिळाले का काय?"

"ठसे आमच्याकडे नसतात हो. ते वरच्या मजल्यावर. आमच्याकडे तुम्ही स्वतः सापडलात. माझ्या पाण्यात."

"अख्खे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग इथे खुर्ची कोण अडवून बसलंय?"

नवीने उलटतपासणी घेतली. माझ्या पिशवीला हात लावता? कपड्यांना? बुटांना? बाबा प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणून मान हलवत होते. पिशवी तशीही लॅबच्या कपाटात राहत असे आणि कपडे, बूट तिथे गेल्यावर बदलावे लागत. मग तिने सरसकट बंदी घातली. बाबांचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, कंगवा वेगळा. जेवताना बाबा टेबलाच्या त्या टोकाला, आणि बोलायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून.

"मीठ दे जरा," बाबा भिंतीला म्हणाले.

"घरात बसलाय की कैदेत, तेच कळेना झालंय," आई म्हणाली. "अगं, नाक, डोळे, चालणं, सगळं यांचंच उचललंस, तेव्हा नाही कुणी पंचनामा केला!"

बाबा एवढंच म्हणाले, "लहानपणी माझ्या मांडीवर काय काय करून ठेवायचीस. तेव्हा नाही म्हटलं बुवा मी, की मला तुझं काही लागायला नको." नवीला वाईट वाटलं. पण डोळ्यांसमोर खिडकीतल्या बाई शिक्का मारत होत्या, म्हणून तिने मन घट्ट केलं आणि बाबांची खुर्ची आणखी थोडी मागे सरकवली.

खात्री करून घ्यायला मॅडमनी बाबांना काडी फिरवायला बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तीनदा दात घासले आणि इमारतीच्या पायऱ्या अशा चढले, जणू सत्कारालाच निघालेत. नात्यातल्या माणसाचा नमुना आपण घ्यायचा नाही, असा नियम असल्याने मॅडम स्वतः बसल्या आणि नवीला बाहेर उभं केलं. दाराच्या काचेतून तिला दिसत होतं. मॅडमनी बाबांच्या तोंडात डोकावण्यासाठी चष्मा आधी कपाळावर सरकवला, मग तिथूनही तो घसरू लागला म्हणून काढून टेबलावर ठेवला. काडी फिरवली आणि ती पाकिटात घालून पाठमोऱ्या होऊन कपाटात ठेवायला गेल्या.

इतक्यात वॉचमनने नवीची बाही ओढली. "ताई, माझं काही निघालं का हो?"

"नाही, काका. तुम्ही एकदम स्वच्छ निघालात."

"हे जरा आमच्या घरी येऊन सांगाल का?"

त्याची समजूत घालून नवी वळली, तोवर मॅडम बाहेर येत होत्या. आणि काय आश्चर्य, त्या चक्क हसत होत्या! "फार सभ्य गृहस्थ आहेत तुझे वडील," त्या म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "अगंबाई, किती डाग पडलेत भिंतीवर! एका रात्रीत झाले की काय?" डाग नवीने पहिल्या दिवशी पाहिले होते तेच, तेवढेच होते. पण हसणाऱ्या मॅडमशी वाद कोण घालणार?

बाबांचा नमुना पाण्यातल्या माणसाशी तंतोतंत जुळला, आणि संगणकातल्या ओळखीच्या माणसांच्या यादीत ‘नवीचे वडील’ अशी भर पडली. बाबांना आकाश ठेंगणं झालं. पण ते शिरतात कुठून, हे काही कळेना, आणि शेवटची परीक्षा येऊन ठेपली.

त्या दिवशी सकाळी नवी अंघोळीला गेली आणि नळाला पाणी नाही म्हणून तशीच परत आली. बाबा खिडकीशी पाठमोरे उभे होते. हातात तिचा चष्मा. रात्री ती फळीवर ठेवून झोपे, तो. त्यांनी तो तोंडाजवळ नेला, छाती भरून श्वास घेतला आणि एका काचेवर सोडला. "हाऽऽऽ." मग दुसऱ्या काचेवर. "हाऽऽऽ." मग शर्टाच्या खिशातला फ्लॅनेलचा तुकडा काढून, जिभेचं टोक ओठांतून जरा बाहेर, गोल गोल, मन लावून पुसायला लागले.

"बाबा!"

चष्मा पडता पडता राहिला.

"कधीपासून करताय हे?"

"काय? काच पुसणं? तू दुसरीत होतीस, तुला पहिला चष्मा लागला, तेव्हापासून," बाबा म्हणाले. "रोज. हे फवारे-बिवारे सगळे चोचले गं. वाफेशिवाय काच हसत नाही."

"रोज सकाळी हा हा करत असतात," आई म्हणाली. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

नवीला माहीत नव्हतं. मैत्रिणींचे चष्मे सदा मळलेले असायचे आणि आपला लखलखीत, हा ती इतकी वर्षं स्वतःचा नीटनेटकेपणा समजत आली होती. आता सगळं लक्षात आलं. मास्कमुळे काचांवर वाफ धरायची, वाफेने चष्मा घसरायचा आणि ती तो हातमोज्याच्या बोटाने वर ढकलायची. मास्क दोन, तर ढकलणं दुप्पट, आणि टेकड्याही दुप्पट. हा विचार करता करताही तिने चष्मा ढकललाच, खरं तर तो तिच्या नाकावर नव्हता तरी. तिला फार राग आला होता. पण चिडावं कुणावर, हा प्रश्न होता. समोर हातात फ्लॅनेलचा तुकडा धरून, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे बाबा उभे होते.

"उद्यापासून नको का मग?" त्यांनी विचारलं.

"नको, बाबा."

"बरं." त्यांनी तो तुकडा घडी घालून लहान केला, आणखी लहान केला आणि खिशात ठेवून दिला.

नवीने माठातलं पाणी घेऊन चष्मा साबणाने धुतला, पुन्हा धुतला, स्पिरिटने पुसला. तो घसरू नये म्हणून डोक्यामागे बांधायला काहीतरी हवं होतं. "यांच्या पायजम्याची नाडी देऊ का?" आई मदतीला धावली. "नको! त्यांचं काहीही नको!" नवी किंचाळली आणि कोऱ्या बुटांची नाडी काढून चष्म्याच्या काड्यांना बांधली.

लॅबमध्ये मॅडम तयारच होत्या. "आज मी तुझ्या शेजारी बसून तेच सगळं करणार आहे," त्या म्हणाल्या. "खोलीत, पाण्यात, हातमोज्यांत दोष नाही, हे एकदा सिद्ध होऊ दे. माझं पाणी कसं असतं तेही बघून ठेव."

"मॅडम, मला कारण सापडलंय. बाबा ना, रोज सकाळी…"

"कारणं नंतर. आधी पाणी. मास्कच्या आत बोलायचं नाही!"

नवी बोलली नाही. बुटाच्या नाडीने चष्मा जागच्या जागी राहिला, हात चेहऱ्याकडे गेला नाही. शेजारी मॅडमही कामात रंगल्या होत्या. नळी उचलायची, चष्मा कपाळावर, नंबर वाचायचा, चष्मा खाली, पुढची नळी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका यंत्रातून दुसऱ्यात, असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल पडद्यावर यायची वेळ झाली. सगळे जमले. वॉचमनही दारातून डोकावत होता.

नवीच्या पुराव्यांची उत्तरं बरोबर आली. मग तिचं पाणी. रेघ सुरू झाली, पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि टोकापर्यंत सपाटच राहिली. नवीचा जीव भांड्यात पडला. तिला रडू आलं आणि तिने ते बिनधास्त हाताने पुसलं. आता हातमोजे नव्हते.

"आता माझं लाव," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे फाइल बंद करता येईल."

दाढीने बटण दाबलं. रेघ सुरू झाली. एक टेकडी आली. मग दुसरी. मग रांगच लागली.

"पुरुष आहे," दाढी अगदी बारीक आवाजात म्हणाला.

संगणकाने स्वतःहून यादी चाळली आणि पडद्यावर नाव झळकवलं: ‘नवीचे वडील’.

"हे माझ्या पाण्यात काय करतायत?" मॅडमचा चेहरा लालबुंद झाला.

"माझ्याबरोबर नाही आले, मॅडम," नवी घाईघाईने म्हणाली. "माझं पाणी सपाट आहे."

दारातून वॉचमनने विचारलं, "म्हणजे मॅडमचेपण वडील तेच?"

"तू गेटवर जा!"

नवीने मॅडमकडे पाहिलं. म्हणजे त्यांच्या चष्म्याकडे. काचा लखलखत होत्या. एकही डाग नव्हता. अशा काचा तिने आयुष्यात एकाच माणसाच्या हातच्या पाहिल्या होत्या.

"मॅडम, बाबा आले होते तेव्हा त्यांनी तुमचा चष्मा पुसला का हो?"

"हो. मी वळले तर हातात पुसून तयार. म्हणाले, ‘ताई, रागावू नका, राहवलं नाही.’ मला तर दहा वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ दिसलं सगळं…" मॅडम बोलता बोलता थांबल्या. "कशाने पुसतात ते?"

नवीने सांगितलं. ‘हाऽऽऽ’ करूनही दाखवलं. मॅडमचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि तिथेच थबकला, कारण खोलीतले सगळे त्या हाताकडेच बघत होते. मग सगळ्यांच्या नजरा सावकाश भिंतीवरच्या पाटीकडे वळल्या. चष्मा इतका स्वच्छ होता, की पाटी न वाचता येण्याची सबब मॅडमना उरली नव्हती.

"पहिल्यापासून," त्या शेवटी म्हणाल्या. मनाने सरळ बाई. "नियम म्हणजे नियम. पण माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? दाढीची हिंमत व्हायची नाही."

"नाही व्हायची," दाढीने प्रामाणिकपणे कबूल केलं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम शिकाऊंच्या टेबलावर बसल्या होत्या आणि मागे, छातीवर तपासनीसाचा कोरा बिल्ला लावून, नवी उभी होती. मॅडमनी पहिली नळी उचलली, नंबर बघितला, आणि बोटं चष्म्याकडे निघाली.

"हात!" नवी ओरडली. गेटवर वॉचमनने दोन्ही हात वर केले.

संध्याकाळी नवीने येताना एक नवा चष्मा करून आणला. तो लॅबच्या कपाटात राहायचा होता. घरी बाबा खिडकीशी बसले होते. हातात पेपर नव्हता. खिशातल्या फ्लॅनेलच्या तुकड्याशी नुसता चाळा चालला होता. नवी पास झाली म्हणून ते मनापासून खूश होते, दोनदा पाठही थोपटली, पण सकाळपासून त्यांना करायला काही उरलं नव्हतं, हे सबंध घरात दिसत होतं. आई त्यांना बोलायलाही विसरली होती, म्हणजे बघा.

रात्री झोपायच्या आधी नवीने जुना चष्मा काढला. फळीवर, नेहमीच्या जागी ठेवला. दोन पावलं गेली, परत आली, आणि दोन्ही काचांवर आपला अंगठा चांगला दाबून, फिरवून, दोन ठळक डाग उमटवले. सकाळी बाबांना ते लांबूनच दिसायला हवेत. आणि ठसे काही तिच्या विभागात येत नव्हते. ते वरच्या मजल्याचं काम.